थोरल्याचे पांढरे केस

चित्रकाराच्या खोलीबाहेर ती नवऱ्याचा फोटो मांडीवर घेऊन बाकावर बसली होती. लढाईत गेलेल्या जवानांची चित्रं तो घरच्यांना काढून देतो, असं तिला कळलं होतं. तिच्या आधी एक म्हातारं जोडपं आत गेलं होतं आणि दार उघडंच होतं.

"चित्र झकास झालंय हो. अगदी समोर येऊन उभा राहिलाय. फक्त कानाशी थोडे पांढरे केस दाखवाल का?"

"अगं, काहीतरीच काय! चोविसाव्या वर्षी गेला पोरगा. त्याला कुठले पांढरे केस?"

"अहो, धाकट्याला आता चाळिशी लागली. दोघांचे फोटो शेजारी लावले की थोरला त्याचा मुलगा वाटतो. नातवंडं तर सरळ नावाने हाक मारतात फोटोला. काका म्हणायला लाजतात."

"म्हणून घरात खोटं चित्र लावायचं?"

"खोटं कसं? असता तर पिकलेच असते ना?"

"हिचं काही ऐकू नका तुम्ही. आहे तसंच राहू द्या."

"राहू देतो, काका. तुमचं दोघांचं एकमत होईपर्यंत मी ब्रशला हात लावत नाही."

मग आतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"हे बघा, टोपीच काढतो. आमच्या घरात कानाशी नाही पिकत. आधी इथे, कपाळावर, डाव्या बाजूला. माझ्या वडिलांचेही इथूनच पिकले."

"बरं, काका."

"जास्त नकोत हां. अजून तरुणच आहे तो."