दस्ती टाकून धरलेली जागा

आँ आँ, ती दस्ती हलवू नका भाऊ! रुमाल टाकून जागा धरलेली हाय. तुम्ही तिकडं खिडकीला टेका जरा. उदगीरलाच ना? मग निवांत बसा, अजून पाच शिटं भरायचीत... काय म्हणलात, काळा पडलो? पडणारच! परवा अंदमानाहून आलोय. हसू नका, खरं सांगतो — विमानात बसून! आमच्या शिवांगीला नोकरी लागली, तिनं आई-बापाला धाडलं. जन्मात पहिल्यांदा समुद्र बघितला, अन् आम्ही नवरा-बायको भांडलो कशावरून? तर गाडीवरून!

पोरीनं पाचही दिवस टॅक्सी ठरवलेली. मी म्हणलो, हट्! बावीस वर्षं देवणी-उदगीर जीप मारणारा हा सिद्धेश्वर, दुसऱ्याच्या टॅक्सीत बसू? लोक काय म्हणतील? — तिथं मला कोण ओळखतं, ते सोडा. उज्वला, आमची मालकीण, म्हणली, "अहो, एकदा माझ्या शेजारी नुसतं बसा. स्टेअरिंग नको." मी ऐकतो व्हय? टॅक्सीला नको म्हणलो, भाड्यानं गाडी घेतली — पांढरीफेक, एसीची! तिला शेजारी बसवलं अन् निघालो. वळणावर एका म्हाताऱ्यानं हात केला. झालं! पाय आपोआप ब्रेकवर, अन् तोंडातून, "चला चला, सरकून घ्या!" — मराठीतच, अन् त्याला कळलं की हो! पुढं दोन बाया, मग मासळीची पाटी घेतलेला एकजण... समुद्रावर पोचेस्तोवर गाडीत नऊ डोकी! उज्वलाला मीच म्हणलो, "तू मागं हो गं, बाबांना पुढं बसू दे." गेली बिचारी, पाटी मांडीवर घेऊन. हसा, हसा! आता मलाबी हसू येतं. तिला तवा न्हाई आलं. त्या दिवशी पाण्यात पायसुद्धा घातला न्हाई तिनं.

दुसऱ्या दिवशी गुमान गाडी परत केली, टॅक्सी बोलावली. आली. मी दार उघडलं अन् — बसलो पुढं, ड्रायव्हरशेजारी! सवय हो, दुसरं काय? गिअर, रस्ता, अ‍ॅव्हरेज, गप्पाच गप्पा. अर्ध्या वाटेत सहज मागं बघितलं. उज्वला खिडकीला चिटकून बसलेली, अन् शेजारच्या सीटवर तिची दस्ती. अख्खी गाडी रिकामी, कुणी बसणारं न्हाई, तरी बाईनं जागा धरून ठेवलेली! माझ्यासाठी. बावीस वर्षं माझ्याच जीपमधी ती मागं, शिटांच्या गर्दीत, अन् मी... जाऊ द्या. भरून आलं मला, खोटं कशाला बोलू? "रोको भैया" म्हणलो, उतरलो, मागं जाऊन बसलो. तर म्हणते कशी, "तिकीट काढलं का?" — अन् अशी हसली, अशी हसली, त्यो ड्रायव्हरबी हसायला लागला! मग चारी दिवस टॅक्सीच टॅक्सी. हातात हात घेऊन बसायचो — अर्रर्र, हे कशाला बोललो तुमच्याम्होरं! गावात सांगू नका बरं.

काय? ही दस्ती तिची का? न्हाई हो, माझी हाय. ह्या टायमाला जागा मी धरली. ती बघा, येऊनच राहिली, हिरव्या साडीतली! ए ग्यानोबा, धर चावी, आज तू चालव! अन् भाऊ, तुम्ही पुढं जा आता, खिडकी तिची हाय. — उठा की हो! बावीस वर्षं तुम्हीच बसलात हितं.