घोरपडीचा झिरा

पोलीस ठाणे देवगाव रंगारी, ता. कन्नड. दि. १४ मे २०१९, सकाळी ११.२० वाजता.

मी सुकेशनी पुंडलिक दाभाडे, वय २९ वर्षे, व्यवसाय शिक्षण (पीएच.डी.), रा. बेगमपुरा, औरंगाबाद, भाड्याच्या खोलीत. समक्ष हजर राहून विचारल्यावरून जबाब देते की,

मी चार वर्षांपासून जीआयएस, म्हणजे संगणकावरच्या नकाशांच्या शास्त्रात, पीएच.डी. करत आहे. औरंगाबाद शहर वाढत गेले तसे आसपासच्या विहिरींचे पाणी किती खाली गेले, हा माझा विषय. दौलताबादपासून देवगावपर्यंतच्या २१४ विहिरी, बारवा आणि झिरे, म्हणजे ओढ्या-नाल्यात पाणी पाझरून साचणारे खड्डे, मी हातात यंत्र घेऊन, पायी फिरून नोंदवले आहेत. प्रत्येक जागा तीन मीटरच्या आत अचूक आहे. हे वाक्य जबाबात कशाला हवे, असे जमादार साहेबांनी विचारले. मला हवे आहे.

बेपत्ता इसम कडुबा फकिरा शिंगाडे, वय अंदाजे ६२, धंदा मेंढ्या राखणे, यांना मी ओळखते. डोंगराकडच्या ३९ जागा त्यांनीच मला जानेवारीत नऊ दिवस फिरून दाखवल्या. ते मला मास्तरीणबाई म्हणत. मी मास्तरीण नाही असे चार वेळा सांगून पाहिले, मग नाद सोडला.

काम संपल्यावर मी त्यांना रंगीत नकाशा छापून भेट दिला. निळा ठिपका म्हणजे पाणी, लाल म्हणजे कोरडे, हे समजावून सांगितले. त्यांना वाचता येत नाही, तरी आपली वस्ती त्यांनी बोट ठेवून बरोबर ओळखली. तेव्हा मला फार आनंद झाला होता. नकाशाच्या कोपऱ्यात जानेवारी २०१९ असे छापलेले आहे. ते वाचून दाखवले होते का, असे विचारल्यावरून सांगते की, नाही.

मार्चपासून विहिरींवर शहरातल्या नव्या वसाहतींसाठी टँकर भरू लागले, असे नंतर कानावर आले. मी स्वतः पाहिले नाही. मी तेव्हा खोलीत बसून तिसरे प्रकरण लिहीत होते.

यंदा कडुबांचे भाऊ खंडेराव मोठा कळप घेऊन गोदावरीकडे गेले आहेत. कडुबांचा गुडघा धरलेला असल्याने ते थकलेल्या ४३ मेंढ्या घेऊन वस्तीवरच राहिले. दि. ११ रोजी सकाळी सहाला ते मेंढ्या घेऊन निघाले. जाताना पत्नी मनकर्णाबाईंना म्हणाले, "घोरपडीच्या झिऱ्याकडं जातो. बाईच्या कागदावर निळा हाय, पाणी असंल तिथं." संध्याकाळपर्यंत परत यायचे होते.

दि. १२ रोजी सकाळी मनकर्णाबाईंचा मला फोन आला. "बाई, ह्यो घोरपडीचा झिरा कुठं हाय? त्ये आजूक आले नाय." मी एक मिनिट थांबा म्हणाले आणि लॅपटॉप उघडला.

माझ्या यादीत घोरपडीचा झिरा नाही. माझ्या तक्त्यात क्रमांक, अक्षांश, रेखांश, खोली आणि पाणी आहे-नाही, एवढेच रकाने आहेत. नावाचा रकाना मी ठेवला नव्हता. कडुबा प्रत्येक जागी तिचे नाव सांगत आणि मी लिहीपर्यंत थांबत. मी क्रमांक लिहून मान हलवत असे. मी नावच लिहिते, असे त्यांना वाटत असावे.

मनकर्णाबाईंनी नाव ऐकले आहे, जागा पाहिलेली नाही. ही नावे मेंढपाळांची. गावात कोणाला ती माहीत नाहीत. खंडेरावांचा फोन तीन दिवस बंद लागतो. ३९ पैकी निळ्या जागा २२. मी, माझा मावसभाऊ धम्मपाल आणि वस्तीवरचे दोघे, अशा चौघांनी दोन दिवसांत नऊ पाहिल्या. नऊही कोरड्या होत्या. उरलेल्या तेरा जागांची यादी जोडली आहे. आधी कोणती बघायची, असे साहेबांनी विचारले. मला सांगता येत नाही.

उपग्रहातून माणूस दिसणार नाही का, असेही विचारले. माझ्याकडच्या चित्रात एक ठिपका दहा मीटरचा असतो. त्यात माणूस दिसत नाही. शेवटचे चित्र दि. १० चे आहे आणि त्या दिवशी कडुबा घरी होते. पुढचे उद्या येईल. ते मी बघणार आहे, काही दिसणार नाही हे माहीत असूनही.

मला भीती वाटते आहे, हेही लिहून घ्यावे.

मनकर्णाबाई आत्ता ठाण्याच्या ओट्यावर बसल्या आहेत. आत येण्यापूर्वी त्यांनी मला विचारले, "तुमी नऊ दिस त्यांच्यासंगं हिंडल्या. त्या झिऱ्याचं नाव सांगितलं आसंल की त्यांनी?"

मी म्हणाले, सांगितले होते.

"मंग?"

मी आत आले.

हा जबाब जमादार साहेबांनी मला सावकाश वाचून दाखवला. मी सांगितले तसाच तो उतरला आहे. खाली सही करते.

सही/-
सुकेशनी पुं. दाभाडे