सख्ख्याचं जुळलं नाही

रक्ततपासणीच्या बाकावर माझ्या शेजारी दोन वयस्क भाऊ बसले होते. थोरल्याच्या तोंडाला मास्क होता.

"दादा, मी सख्खा भाऊ. बोन मॅरोसाठी माझं जुळलं नाही, आणि कुठल्या अनोळखी पोरीच्या नाळेतलं रक्त तुला चाललं!"

"आपलं कधी काय जुळलंय?"

"बरं, डॉक्टर काय म्हणाल्या?"

"ब्लड कॅन्सरचा मागमूस नाही. नाळेतल्या पेशी रुजल्या. सहा महिन्यांत माझा रक्तगटसुद्धा बदलून पोरीचा झाला. ओ."

"ओ? अरे, माझाही ओच!"

"माहितीये."

"मग आता घरी ये. आठ वर्षांचा अबोला पुरे."

"येतो."

"आणि पुन्हा रुसलास तर?"

"मी कशाला रुसतोय? रुसली तर माझ्या रक्तातली ती पोर रुसेल. सहा महिन्यांचीच आहे, तूच समजून घे."