टिंबांचा खेळ

कैरोत मेंदूच्या खेळांतून मुलांना वाचायला शिकवणाऱ्या केंद्रात इनास मुलाची वाट बघत बसली होती. शेजारी आजी-नातीची हुज्जत चालली होती.

“मी आत जाणार नाही. मठ्ठ मुलं येतात इथे.”

“कुठल्या गाढवाने सांगितलं?”

“वर्गात सगळे हसतात, आजी. अक्षरांच्या वरची-खालची टिंबं माझ्यापुढे नाचतात.”

“माझ्यापुढे जन्मभर नाचली, रुदैना! मला कुणी शाळेत घातलंच नाही, मेल्यांनी. ऊठ. नाही ना? मग तुझ्या जागी मी बसते.”

आजी खरंच आत जाऊन संगणकापुढे बसली. दार उघडंच होतं.

“अगं, हे टिंब वर की खाली?”

“खाली, आजी!”

“इथे?”

रुदैना आत पळाली.

“तिथे नाही गं! सरक, मला बसू दे!”