फलकाकडे पाहू नये

— नाही नाही, उठू नका हो, बसा तिथेच. त्या खुर्चीत. करकरते खरी, पण हात टेकायला दांड्या तरी आहेत तिला. आणि थांबा जरा, तुम्ही काय म्हणणार ते मला माहीत आहे, "मॅडम, तुमचं मशीन" — हो ना? कळलं. साहेबांनी पाठवलंय, बाईंना विचारून या, नवी सिस्टीम घालायची की नाही. मागच्या आठवड्यात म्हणाले मला, सगळ्या स्टँडवरचं झालं, तुमचं तेवढं राहिलंय, तुमचं तुम्ही ठरवून सांगा. आता वरिष्ठ माणूस "ठरवून सांगा" म्हणतो म्हणजे काय? म्हणजे ठरलेलं आहे, तुम्ही फक्त मान हलवा. तर मी ठरवलंय. नको. जाऊन सांगा तसं. — हो हो, तुमचंही ऐकते, पण आधी माझं होऊ द्या, मध्ये तोडलं ना की मला पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं लागतं.

मागच्या वेळी तुम्हीच आला होतात ना? प्रिंटर बघायला? — नव्हतात? बरं, आवाज तसाच वाटला. म्हणजे चेहरासुद्धा तसाच... जाऊ दे. तर हे बघा, ही माझी खोली. खाली सगळे फलाट, हा माइक, हे मशीन, हा फोन. गाडी कुठल्या फलाटावर लागणार ते डेपोतून फोनवर येतं, मी ते इथे मारते, खाली सगळ्या बोर्डांवर दिसतं, आणि माइकवरून सांगते. इतकंच काम. सकाळी चौकशीवाले खाली त्यांच्या मशीनवरून बोर्ड लावतात, ते गेले की मी. ड्रायव्हर लोक मला भोंगा म्हणतात, तोंडावर म्हणतात, मीही ओ देते. पण एक गाडी चुकवून दाखवा म्हणावं! बाहेरगावचे लोक असतात, कडेवर पोर, डोक्यावर ओझं, त्यांचं सगळं माझ्या एका वाक्यावर. चारवर म्हटलं की चारवर पळतात. विश्वासच टाकतात ना आपल्यावर.

आणि हे जुनं मशीन मला पाठ आहे. आपल्या स्वयंपाकघरात कसं, दिवे गेले तरी मिठाचा डबा कुठे ते हाताला कळतं — तसं. बाण खाली, खाली, खाली, एंटर, की फलाट बदलला. खाली दोनदाच, तर उशीर. बोटंच जातात. आता नव्यात तुम्ही लोक काय करता, चांगलं मांडलेलं घर हलवता. का? तर दिसायला सुंदर. अहो, सुंदर कुणाला हवंय! ती खालची तिकीट खिडकीवाली, तिचं केलंत ना तुम्ही परवा? दिवसभर चुकत होती. लोकांच्या शिव्या खाल्ल्या, मग बाथरूममध्ये जाऊन रडली. तरुण पोरगी, आणि डोळे धड असून तिची ही गत, मग माझी —

म्हणजे, वयाचं म्हणते मी. चष्म्याचा नंबर बदलायचाय माझा. तेवढंच. — काही नाही, बोला तुम्ही. — नको, थांबा, मीच बोलते.

ती चौकट यायची ना रोज पडद्यावर, "नवी सिस्टीम तयार आहे" असं काहीतरी, टिंग वाजायचं आणि मधोमध पांढरं यायचं. मी काय करायची, उजवा बाण, एंटर. उजवीकडचं बटण म्हणजे "नंतर". सुनेने फोनवर समजावलं होतं. मग काय, डोळे मिटून दाबायची. रोज टिंग, रोज नंतर. भिकाऱ्याला कसं, पुढे जा म्हटलं की जातो बिचारा, उद्या परत येतो. नेहमी सकाळी यायची, काल संध्याकाळी निघताना आली, म्हटलं आज उशीर केलास गं बाई. बाण, एंटर. तर पडदाच काळा झाला. म्हटलं चला, यालाही घरी जायची घाई दिसतेय. पर्स घेतली आणि गेले.

असे गप्प का झालात? काही बोललात का? — नाही? मग ठीक आहे. पण तुम्ही गप्प बसलात ना की मला... कसं सांगू. बरं, ऐका. सांगून टाकते, तुम्ही परके आहात, उद्या दुसऱ्या गावी जाल. साहेबांना मात्र नाही सांगायचं, तुमच्या आईची शपथ आहे तुम्हाला. तुमच्या तोंडाकडे मी आत्ता सरळ बघितलं ना, तर तिथे तोंड नाही. राखाडी भोक आहे. कडेने बघितलं तर कान दिसतो, खांदा दिसतो, शर्ट फिका आहे, हो ना? मधलं सगळं गेलं. डॉक्टर म्हणाले, मधलं जाईल, कडा राहतील. वर म्हणाले, घाबरू नका. घाबरू नका म्हणे! त्यांचं काय जातंय सांगायला! लोक म्हणतात दुखणं हत्तीच्या पावलांनी येतं, माझं मुंगीच्या पावलांनी आलं हो, मला आधी वाटलं बल्बच मंद झालाय. दोनदा बदलून घेतला शिपायाकडून. मग एकदा भाजीत मीठ दोनदा पडलं, सून हसली, मीही हसले. घरी माहीत नाही. कुणालाच नाही.

भीती वाटते हो मला, स्पष्ट सांगते. आंधळं होण्याची नाही वाटत तेवढी. आईचंही असंच झालं होतं. खिडकीपाशी बसवायचे तिला. गप्पा मारायला तिला फार आवडायचं, कुणी शेजारचं येऊन बसलं की ही सुरू — आणि ते थोडा वेळ हं हं करायचे आणि हळूच उठून जायचे. सांगायचं नाही कुणी. ती आपली बोलतेय, बोलतेय, हातवारे करतेय, आणि समोर रिकामी खुर्ची. मग मध्येच थांबायची आणि विचारायची, "आहात ना?" असा आवाज व्हायचा तिचा... तो आवाज मला अजून झोपेत ऐकू येतो. मला घरी बसवलं की तेच होणार. सून चांगली आहे, मुलगा चांगला आहे, त्यांना कामं आहेत, कोण बसणार? इथे मी बोलले की हजार माणसं ऐकतात. माना वर करतात. कळतंय का तुम्हाला? ही सिस्टीम गेली की मी गेले. म्हणून नको म्हणते. बाकी त्या नव्याशी माझं काही वाकडं नाही.

— थांबा, फोन. हॅलो, हां, भोंगाच बोलतेय. साडेनऊची? चारवरून दोनवर? आणि चारवर गाडी बंद पडलीय? बरं, बरं, टाकते लगेच.

आता बघाच तुम्ही. अहो, माझ्या हाताला कशाला धरताय? बघा तरी! पडदा असा, निळ्या तळ्याचं चित्र माझ्या नातीने लावलेलं, आणि बाण — खाली, खाली, खाली, एंटर. दोन, एंटर. झालं! मान तरी वाकवली का मी? आहे का कुणाला कळायची शक्यता? सांगा बरं, यात मला नवं काय —

हा कसला गलका?

खाली काय झालं? मारामारी झालीय का? खिडकीतून बघा जरा. लोक पळतायत? सगळे? कुठे, दोनवर? — चौकशीवर? चौकशीवर कशाला पळतील? बोर्डावर काय आहे? अहो, बोर्डावर काय आहे, वाचा ना! — रद्द? कुठली रद्द? सगळ्या? सगळ्या गाड्या रद्द? मी कुठे रद्द केल्या! मी फलाट बदलला, खाली तीनदा — तिसरं आता "सगळ्या रद्द" आहे? "आता" म्हणजे? हे तर जुनंच आहे, हे निळं तसंच आहे ना माझं!

काय म्हणालात? नवीच आहे? कधी घातलीत तुम्ही, मी हो म्हटलं नाही, साहेबांनी माझ्या पाठीमागे — नाही? मग कुणी?

मी?

काल संध्याकाळी. त्या चौकटीत बटणं उलटी होती? उजवीकडे "आत्ता" होतं? अरे देवा. अरे देवा, माझ्याच हाताने. म्हणजे तू मघापासून हेच सांगत होतास आणि मी आपली नको नको म्हणून कीर्तन लावलंय, आणि ते होऊन बसलंय समोर. आणि तू बघत होतास. — नको, हात लावू नको त्याला, अजून काहीतरी होईल! आधी माणसं. पोरं चेंगरतील रे त्या गर्दीत, चौकशीपाशी जिना आहे. सरक. माइक कुठे — हा. हा तरी तोच आहे.

"प्रवाशांनी कृपया इकडे लक्ष द्यावे. एकही गाडी रद्द झालेली नाही. पुन्हा सांगते, एकही गाडी रद्द झालेली नाही. सर्व गाड्या वेळेवर सुटतील. प्रवाशांनी धावू नये, लहान मुलांना उचलून घ्यावे, जिन्याजवळ गर्दी करू नये. साडेनऊची गाडी चारऐवजी फलाट क्रमांक दोनवर लागेल. फलकाकडे पाहू नये. कृपया फलकाकडे पाहू नये, माझ्याकडे लक्ष द्यावे. मी सांगेन."

ऐकलंस? कमी झाला बघ आवाज. थांबलेत. बघ, कुणी पडलं नाही ना? — बरं. जरा बसते, तूही बस त्या खुर्चीत. हे बघ, आता तू एक कर. पडदा समोर आहे ना, त्यावर वरपासून काय काय लिहिलंय ते वाच. सावकाश. पहिलं काय, दुसरं काय, सगळं. मी पाठ करते. माझं पाठांतर चांगलं आहे, लहानपणापासून, एकदा ऐकलं की राहतं. दुपारपर्यंत करते की नाही बघ. साहेबांना आपण दोघं मिळून सांगू, सिस्टीम नवी होती, चुकून झालं, कुणाचंही होतं असं, तिकीटवालीचं नाही का झालं? तू म्हण तसं. तू म्हटलंस की पटेल त्यांना. डोळ्यांचं तेवढं नको काढू. नाही ना काढणार?

जिन्यावर कोण आहे? साहेब आले वाटतं. — नाही. ही पावलं खाली चाललीयत.

बरं, वाच ना. पहिल्या ओळीत काय आहे?

अरे, खुर्ची वाजली का मघाशी? मी बोलत होते, मला कळलं नाही. कुठून वाचतोयस, जवळ ये ना जरा.

अहो.

आहात ना?