कुकरवालीची सही

कस्तुरी : फॉर्मवर सही करते गं, पळून नाही जात. मेडनहेडहून तीन गाड्या बदलून मँचेस्टरला आलेय ती त्यासाठीच. पण आधी ती पोस्ट वाचून दाखव.

पूर्वी : पुस्तकातला तो चॅप्टर मेल केला होता की तुला.

कस्तुरी : वाचला. इंटरनेटवरचं ते फिनिश बोर्ड कसं वाढलं, नाव नाही, अकाउंट नाही, फोटो टाका आणि वाट्टेल ते बोला. तिथले शब्द आधी शाळांत, मग ऑफिसांत, मग पेपरांत कसे शिरले. छान लिहिलंयस. माझा फोटो मात्र दोन ओळींत उरकलास.

पूर्वी : बाकीची घाण तुला पुन्हा कशाला ऐकवू?

कस्तुरी : पुन्हा? मला फिनिश कुठे येतं? फिनलंडमध्ये, टाम्पेरेत, दोन वर्षं एका फ्लॅटमध्ये राहिलो आपण, भाषा शिकलीस तू. मी नुसती फोटोत आले.

पूर्वी : शिकले म्हणजे काय... दुकानात मी फिनिश बोलले की समोरचा इंग्लिशमध्ये उत्तर द्यायचा. बोर्डवर तसं नव्हतं. तिथे मला चेहरा नव्हता. शिव्या घालायचे, पण फिनिशमध्ये.

कस्तुरी : म्हणजे तू लिहायचीस तिथे. चॅप्टरमध्ये 'वाचायचे' असं आहे.

पूर्वी : कधीतरी. व्याकरण विचारायला.

(स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी होते.)

कस्तुरी : एक झाली. वाच.

पूर्वी : "आमच्या बिल्डिंगमधली भारतीण. उणे एकोणीसमध्ये अनवाणी, हातात बाँब. तिच्या स्वयंपाकाने पुन्हा फायर अलार्म." मग हसण्याची चित्रं. संपलं.

कस्तुरी : संपलं?

पूर्वी : हो.

कस्तुरी : बसमध्ये पोरं माझ्याकडे बघून तोंडाने शिट्टी वाजवायची. मोजून तीन. तिथल्या एका पक्षाच्या निवडणुकीच्या पत्रकावरसुद्धा मी होते, कुकर आणि तीन शिट्ट्या. मागच्या महिन्यात हेलसिंकीच्या क्लायंटचा कॉल होता. मी कॅमेरा ऑन केला आणि त्यांच्यातला एक जण पटकन म्यूट झाला. हसत होता. आठ वर्षं झाली, पूर्वी. तीनच का, हे मला कधी कळलं नाही. तुझ्या चॅप्टरमध्येही नाही.

पूर्वी : मीमचं असंच असतं. कुठून काय चिकटतं, सांगता येत नाही.

कस्तुरी : चॅप्टरच्या शेवटी तू त्या पोस्टचा स्क्रीनशॉट जोडलायस, त्यावर फोन धरला मी. फोनने इंग्लिश करून दिलं. शेवटची ओळ तू आत्ता गाळलीस.

पूर्वी : कस्तुरी...

कस्तुरी : "रोज तिसरी शिट्टी झाली की शेगडी बंद करते. आज अलार्म दुसरीलाच वाजला, म्हणजे डाळ कच्ची." फिनिश माणूस कुकरच्या शिट्ट्या मोजत नाही गं. त्याला तो नुसता आवाज. त्या बिल्डिंगमध्ये कुकर आपल्या दोघींचाच होता.

पूर्वी : दुसरी झाली वाटतं.

कस्तुरी : ऐकली मी. फोटो वरून काढलाय, खिडकीतून. अलार्म झाला म्हणून मी कुकर हातात घेऊन खाली बर्फात उभी होते आणि तू माझे बूट आणायला वर गेली होतीस. दहा मिनिटं लावलीस. म्हणालीस, बूट सापडेनात.

पूर्वी : चारशे उत्तरं आली त्याला. एकानेही माझी चूक काढली नाही. पहिल्यांदाच. मी बाहेरची आहे हे कोणालाच कळलं नाही. सकाळी पोस्ट डिलीट करायला गेले तोवर फोटो सगळीकडे गेला होता.

कस्तुरी : मग सांगायचंस.

पूर्वी : तू इतकी रडत होतीस.

कस्तुरी : तुझ्याच खांद्यावर. पोलिसांकडे तक्रारही तूच लिहून दिलीस, फिनिशमध्ये. 'अज्ञात व्यक्तीने.' मी खाली सही केली. डिग्री अर्धी टाकून नागपूरला निघाले तेव्हा एअरपोर्टवर तू माझी बॅग उचललीस.

पूर्वी : काय करू मी आता?

कस्तुरी : फॉर्ममध्ये दोन रकाने आहेत. फोटोतल्या व्यक्तीची संमती, तो माझा. फोटो काढणाऱ्याचं नाव, तिथे तू 'अनामिक' लिहिलंयस. ते खोड आणि खरं लिही. मग मी सही करते.

पूर्वी : पुस्तक जाईल. युनिव्हर्सिटीतली नोकरीसुद्धा. या व्हिसावर मी इथे नोकरीशिवाय राहू शकत नाही, तुला माहितीये.

कस्तुरी : माहितीये.

पूर्वी : आणि फोटोच वगळला तर? तुझं नावच नको, चॅप्टरच काढते.

कस्तुरी : म्हणजे पुन्हा कोणीच केलं नाही.

पूर्वी : थोडा वेळ दे मला.

कस्तुरी : दिला. पेन इथे ठेवतेय. जा, तिसरी झाली. बंद करून ये.