मास्तरांच्या गाडीतल्या बटणांचे रंग

नाव: ओळखपत्राची प्रत सोबत जोडली आहे, बाजारात सगळे 'फ्यूज' म्हणतात. वय: बावन्न. धंदा: मोटारींचे वायरिंग आणि बॅटरीची कामे. राहणार: टायरवाल्याच्या दुकानामागे, गॅरेजच्या वरची खोली.

समक्ष ठाण्यात येऊन, हवालदारसाहेबांनी विचारल्यावरून सांगतो की, मी वरील ठिकाणी एकटा राहतो आणि खालीच काम करतो. दिवसभर गाड्यांच्या डॅशबोर्डखाली मान वाकडी करून पडायचे आणि संध्याकाळी ती मान शेकत बसायचे, असा माझा दिनक्रम आहे. माझ्याविरुद्ध आजवर कोणाची तक्रार नाही. कधी गिऱ्हाइकाशी बोलाचाली झाली असेल, ती सगळ्यांचीच होते.

ज्यांच्या गाडीबद्दल हा जबाब आहे त्यांना मी तरुणपणापासून 'मास्तर' म्हणतो. ते शाळेतले मास्तर नव्हेत. त्यांचा मोटार शिकवण्याचा वर्ग होता. या भागातले निम्मे लोक त्यांची बोलणी खात गाडी शिकले, त्यात मीही आलो. हवालदारसाहेबांनी लिहिता लिहिता थांबून, "तेच का, चूक झाली की पट्टीने गुडघ्यावर मारायचे ते?" असे विचारले. तेच. वर्ग बंद होऊन बरीच वर्षे झाली. आता घरी मास्तर आणि त्यांच्या पत्नी, ज्यांना मी काकू म्हणतो, अशी दोघेच असतात. मुलगा परगावी नोकरीला आहे. काकूंची मूत्रपिंडे काम करत नाहीत, त्यामुळे त्यांना आठवड्यातून तीनदा हॉस्पिटलात मशीनवर जावे लागते. मास्तर त्यांना आपल्या गाडीतून नेतात आणि आणतात.

काही महिन्यांपूर्वी मास्तर गाडी घेऊन माझ्याकडे आले. काकू शेजारी बसलेल्या होत्या. गाडी जुनी आहे. तिच्या डॅशबोर्डवर मधोमध बटणांची एक ओळ आहे: पुढच्या काचेवरची वाफ घालवणारी हवा, मागच्या काचेचा हीटर, धुक्याचा दिवा, आणि त्याच ओळीत हेडलाइट. बटणावर बारीक चित्र असते आणि आत बारका दिवा असतो, म्हणजे अंधारात चित्र दिसते. सगळे दिवे कंपनीचे, फिकट हिरवे होते. मास्तर म्हणाले, प्रत्येक बटणाला वेगळा रंग लाव. पुढच्या काचेला निळा, मागच्या काचेला हिरवा, धुक्याच्या दिव्याला केशरी, हेडलाइटला लाल.

मी म्हटले, "मास्तर, ही गाडी आहे का सर्कशीचा तंबू?"

ते म्हणाले, "तू लाव. हौसेला मोल नसतं."

काम कटकटीचे होते. प्लास्टिकच्या पट्टीने पॅनेल उचकटायचे, एकेक बटण सोडवायचे, जुना दिवा काढून नवा बसवायचा. एलईडी उलटा बसला तर पेटत नाही, मग पुन्हा काढून फिरवायचा. केशरीच्या जागी मी आधी पिवळा लावला होता, तो मास्तरांनी काढायला लावला. हिरव्यात आणि त्यात फरक काय, म्हणाले. फरक चांगला ढळढळीत होता. म्हातारपणी माणूस चोखंदळ होतो असे समजून मी केशरी शोधून आणला. काम झाल्यावर मास्तरांनी काकूंना विचारले, "निळं कुठाय?" काकूंनी बोट ठेवले. "लाल?" काकूंनी बोट ठेवले. म्हातारा-म्हातारी खेळतायत असे वाटून मी हसलो. दोघेही हसले नाहीत, पण तेव्हा मी ते मनावर घेतले नाही.

गेल्या आठवड्यात त्यांचा मुलगा रजेवर आला. शनिवारी सकाळी तो गाडी घेऊन गॅरेजवर आला आणि म्हणाला, "हे काय लावून ठेवलंय? मित्राला बसवलं तर तो पोट धरून हसला. सगळं काढा आणि एकसारखं पांढरं करा." मी विचारले की मास्तरांना विचारले आहे का. तो म्हणाला, "त्यांना काय विचारायचं? गाडी धुऊन, पुसून, नीट करून देतो. बघून खूश होतील." मुलगा मनाने वाईट नाही, हेही लिहावे. त्याने सीटची कव्हरेही नवी आणली होती. घरचा माणूस सांगतो आहे म्हटल्यावर, दुसऱ्याच्या घरात आपण कशाला नाक खुपसा, असा विचार करून मी सगळे दिवे पांढरे केले. दिसायला काम उत्तम झाले होते.

मुलगा रविवारी परत गेला. मंगळवारी संध्याकाळी, दिवेलागणीच्या सुमारास, मास्तर आणि काकू हॉस्पिटलातून घरी येत असताना गोदामांच्या भिंतीलगतच्या रस्त्यावर गाडीचा धक्का एका सायकलवाल्या बाईंना लागला. त्या औषधाच्या दुकानात काम करतात आणि काम सुटून घरी चालल्या होत्या. त्यांचा उजवा हात मोडला. धक्का लागला तेव्हा गाडीचे हेडलाइट बंद होते. त्या रस्त्याला खांब आहेत, पण दिवे लागत नाहीत.

मुलगा दुसऱ्या दिवशी मिळेल त्या गाडीने आला आणि त्याने माझ्याविरुद्ध तक्रार दिली की, माझ्या निकृष्ट वायरिंगमुळे हेडलाइट आपोआप गेले. याबाबत सांगतो की, बटणातला बारका दिवा आणि पुढचा हेडलाइट यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. ठाण्यातून आलेल्या मेकॅनिकने गाडी माझ्यासमोर तपासली आहे. हेडलाइट लागतात. ते कोणीतरी बटण दाबून बंद केले होते.

बटण कोणी दाबले, असे विचारल्यावरून सांगतो.

गाडी दोरीने ओढून माझ्याच गॅरेजवर आणून लावली होती. बुधवारी दुपारी काकू हॉस्पिटलची फाइल गाडीत राहिली म्हणून घ्यायला आल्या. बसने आल्या होत्या आणि त्यांना धाप लागली होती. मी त्यांना स्टूल दिले. फाइल घेताना त्या पुढच्या सीटवर बसल्या आणि बटणांकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "रंग काढलेस होय रे?" मी मुलाने सांगितल्याचे सांगितले. त्यावर त्यांनी मला जे सांगितले ते असे.

मास्तरांना गेल्या वर्षापासून नीट दिसत नाही. कडेचे थोडे दिसते, समोरचे मधले दिसत नाही. डॉक्टरांनी आता काही होणार नाही असे सांगितले आहे. गाडी दोघे मिळून चालवतात. हात-पाय मास्तरांचे आणि डोळे काकूंचे. काकूंनी आयुष्यात कधी स्टिअरिंगला हात लावलेला नाही. त्या शेजारी बसून बोलत राहतात: पुढे बस थांबली, डावीकडे जागा आहे, माणूस चाललाय, थोडं हळू. मास्तर त्याप्रमाणे करतात. काकू म्हणाल्या, "संसारात माझं एक ऐकलं नाही त्यांनी. आता शब्दन् शब्द ऐकतात." बटणे काकू दाबत. पण बटणावरच्या चित्रांतले त्यांना काही समजत नाही. एक फणीसारखे दिसते आणि एक उलट्या कपासारखे, असे त्या म्हणाल्या. म्हणून रंग लावून घेतले. मास्तर म्हणायचे "निळं", की काकू निळे दाबायच्या.

रविवारी मुलाला स्टँडवर सोडले ते भर उजेडात, त्यानंतर गाडी बाहेर निघाली ती मंगळवारीच. जाताना उजेड होता, बटणांची गरज पडली नाही. येताना, गाडी उभी असतानाच, मास्तरांनी सवयीने चाचपून हेडलाइट लावले. भिंतीलगत आल्यावर काच वाफेने भरली. मास्तर म्हणाले, "निळं." काकूंनी पाहिले तर सगळे पांढरे. "निळं नाहीये हो," त्या म्हणाल्या. मास्तर म्हणाले, "असं कसं नाही? दाब लवकर." काकूंनी अंदाजाने एक दाबले. समोर अंधार झाला. त्या "थांबा" म्हणून ओरडल्या आणि मास्तरांनी ब्रेक मारला. ब्रेक वेळेवर मारला म्हणून हातावर निभावले, असे माझे मत आहे.

सोडायला दुसरे वाहन का घेत नाहीत, असे मी काकूंना विचारले होते. हॉस्पिटलची गाडी त्यांच्या बाजूला येत नाही. टॅक्सीवाला एकदा नेतो, पण मशीननंतर काकूंना कधी उलटी होते, मग तो पुढच्या वेळी फोन उचलत नाही. मुलाला का सांगितले नाही, असे विचारल्यावर त्या म्हणाल्या, "त्याने गाडी विकली असती आणि आम्हाला नेलं असतं तिकडे. त्याच्या दोन खोल्यांत. मास्तर तिथे आठ दिवसांत संपतील." जाताना त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, "ठाण्यात विचारतील तुला. दिसत नाही एवढं सांगू नकोस. गाडी गेली की मशीन गेलं, आणि मशीन गेलं की मी गेले." मी त्यांना शब्द दिला नाही. नाहीही म्हटले नाही. फाइल बसपर्यंत नेऊन दिली.

रात्रभर मला राग येत होता. कोणाचा, ते नीट सांगता येत नाही. वायर खराब होती असे म्हटले असते तर प्रकरण माझ्यावर येऊन मिटले असते, हा विचारही मी केला. माझ्यामागे रडणारे कोणी नाही. गॅरेज बंद पडले असते तर मानेला तरी आराम मिळाला असता.

आज सकाळी इथे येण्याआधी मी त्या औषध दुकानातल्या बाईंच्या घरी गेलो. हाताला प्लास्टर होते. डाव्या हाताने कांदा चिरायची खटपट चालली होती, तो मी चिरून दिला. त्या कोणाला शिव्या देत नव्हत्या. एवढेच म्हणाल्या, "गाडी दिसलीच नाही हो. आधी आवाज आला." पुढच्या वेळी तिथे त्या असतील, नाहीतर आणखी कोणी असेल. म्हणून मी जे खरे आहे ते वर सांगितले आहे. काकूंचा मी अपराधी आहे, तो वेगळा हिशेब.

माझी आणखी एक गोष्ट लिहून घ्यावी. हवालदारसाहेब म्हणाले की याचा गुन्ह्याशी संबंध नाही, जबाबात कशाला. मी म्हटले, तरी लिहा, नाहीतर उद्या मीच आळस करेन. माझा वाहन परवाना चालू आहे. ठाण्याने गाडी सोडल्यावर मी काकूंना मशीनच्या दिवशी नेईन आणि आणीन. ते दिवस गॅरेज अर्धा वेळ बंद राहील. बटणांचे रंग परत लावणार का, या प्रश्नाला उत्तर: नाही. आता त्यांचे काम उरलेले नाही.

हा मजकूर मला वाचून दाखवत असताना दार उघडे होते. बाहेरच्या बाकावर मास्तर, काकू आणि मुलगा बसले होते. त्यांना सगळे ऐकू गेले. मुलगा उठून आत आला आणि म्हणाला, "हे खोटं आहे. बाबांना दिसतं. रविवारी मला स्टँडवर सोडलं त्यांनी."

मास्तर बाकावरूनच म्हणाले, "खरं आहे रे. आई शेजारी बसली होती ना तेव्हाही."

मुलगा म्हणाला, "मला का नाही सांगितलंत?"

"तू गाडी काढून घेतली असतीस."

"घेतलीच असती!"

"मग?" मास्तर म्हणाले.

 मुलगा दाराला टेकून उभा राहिला आणि मग त्याने तोंडावरून हात फिरवला. तक्रार मागे घेण्याबद्दल तो साहेबांशी स्वतंत्र बोलला आहे, त्यात मी पडत नाही.

मी बाहेर जाऊन काकूंच्या समोर उभा राहिलो. मला वाटले होते, त्या तोंड फिरवतील. मास्तरच आधी बोलले. ते म्हणाले, "हा क्लचवर पाय ठेवून गाडी चालवतो. मी याच्या शेजारी बसेन, मागे नाही." मी बरे म्हटले. मग काकू म्हणाल्या, "मग मी मागे आडवी होते. मशीनवरून उठलं की अंगात त्राण राहत नाही रे, डोळे नुसते मिटायला बघतात. इतके दिवस मला तेवढंच हवं होतं."

हे शेवटचे मी परत आत येऊन लिहायला लावले आहे. वरचा सगळा मजकूर मी ऐकला, मी बोललो तेच त्यात आले आहे, आणि म्हणून खाली सही करत आहे.